जाता-येता ढवळायचं

माझा भाऊ ग्रेग घरी आला की आधी छत बघतो. दारात पप्पांना मिठी मारतो आणि मिठीतूनच त्यांच्या खांद्यावरून याची नजर वर. धुराचा डाग राहिलाय का, ओल आलीये का, बापाच्या घरात कुठे काय बिनसलंय. मी त्याची मोठी बहीण, डोरीन. माझा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला. मागच्या बाकावर कोण काय उद्योग करतंय ते मला आरशात न बघता कळतं. ग्रेगच्या मनात काय आहे ते मला उन्हाळ्यातच कळलं होतं. त्याला पप्पांना या घरातून हलवायचं होतं.

त्याला निमित्त आयतं मिळालं आणि ते पप्पांनीच दिलं, म्हणून माझा पप्पांवरही राग आहे. आमच्या गल्लीत, ज्यांचे आजे-पणजे इटलीहून बोटीने आले त्या सगळ्यांच्याच घरात, वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांनी बघायचं असतं आणि खालचं, तळघरातलं, रांधायचं. एप्रिलमधल्या एका रविवारी पप्पांनी खाली गॅसवर सॉस ठेवला, वर येऊन बेसबॉलची मॅच लावली आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. सॉस जळला, शेजारचं फडकं पेटलं, फडक्यावरून पडदा. शेजाऱ्यांनी बंब बोलावला. लाल गाडी दारात, सगळी गल्ली अंगणात, आणि पप्पा बनियनवर पायरीवर उभे. घराला तसं काही झालं नाही. एक पडदा गेला, एक भिंत काळी झाली. पप्पांची मान मात्र त्या दिवशी जी खाली गेली ती बरेच दिवस वर आली नाही.

ग्रेग दुसऱ्याच दिवशी शार्लटहून विमानाने आला आणि परत जाताना दोन्ही शेगड्यांचा गॅस तोडून गेला. मला एका शब्दाने विचारलं नाही. जो माणूस उभं आयुष्य पोलादाच्या भट्टीसमोर उभा राहिला, ज्याने त्या भट्टीच्या जिवावर या ग्रेगला कॉलेजात घातलं, त्याच्या हातून शेगडी काढून घेतली. त्यानंतर पप्पा पावात थंड मांसाच्या चकत्या घालून खायचे. मी डबा नेला की तो फ्रीजमध्ये तसाच पडून राहायचा. म्हणायचे, "रोज दुसऱ्याच्या हातचं खायला मी काय आजारी आहे?"

मग ऑगस्टमध्ये ग्रेगचा फोन. मी तिथेच होते, पप्पांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता.

"पप्पा, एक जागा बघून ठेवलीये," ग्रेग म्हणाला. "आमच्या घरापासून जवळ. छान खोली आहे, खिडकी आहे, तीन वेळचं गरम जेवण टेबलावर येतं. तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

"आणि रविवारी सॉस?"

"तिथे सॉस तयारच येतो, पप्पा. पिशवीतून."

आई जाऊन सहा वर्षं झाली, पण त्या वाक्यावर ती कबरीत उठून बसली असणार. माझ्या ओठांवर काय काय आलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेवढ्यात पप्पा फोनजवळ वाकले आणि जे बोलायला नको होतं तेच बोलून बसले.

"ऐक. तू ऑक्टोबरात येणार आहेस ना, तर त्या रविवारी मी माझ्या हाताने जेवण बनवून टेबलावर ठेवतो. कुणाची मदत नाही. ठेवलं, तर तू या खोलीचा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही जमलं, तर माझी बॅग मी स्वतः भरतो."

"कोणी हात लावायचा नाही," ग्रेग म्हणाला. "डोरी, तू ऐकत असशीलच. तू तर नाहीच नाही. त्या दिवशी तळघरात पाऊलसुद्धा टाकायचं नाहीस."

"मान्य," पप्पा म्हणाले आणि फोन बंद केला.

आमच्या पप्पांनी, ऑरेस्टे पॅलोटाने, शब्द दिला म्हणजे दिला. संपावरच्या दिवसांत त्यांनी एका शब्दापायी हातात आलेलं बढतीचं काम सोडलं होतं. ते बॅग भरणार म्हणजे भरणारच, आणि शार्लटच्या त्या खोलीत खिडकीपाशी बसून वर्षभरात संपणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की बाहेर शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. "गॅस नाही घरात, पप्पा. शिजवणार कशावर? इस्त्रीवर?"

"ते तू बघ," पप्पा म्हणाले.

मी बघितलं. विजेचा प्रेशर कुकर आणला. आमच्या डेपोतल्या प्रत्येक बाईकडे हा आहे, कामावरून आल्यावर सगळ्याजणी त्यातच रात्रीचा पास्ता टाकतात. सगळं एका भांड्यात. आधी त्यातच मांस परतायचं, मग पाणी, मग कच्चा पास्ता, वरून टोमॅटो, झाकण, बटण. शिजलं की आपोआप बंद होतो. आणि मला हवं होतं ते म्हणजे, तळाला लागायला लागलं की हा ओरडतो आणि स्वतःच तापणं थांबवतो. माणूस खुर्चीत झोपला तरी पडदा पेटत नाही.

पप्पांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "याला ज्योत कुठे आहे?"

"नाही ज्योत."

"मग शिजतंय हे मला कळणार कसं?"

"विश्वास ठेवा."

"यंत्रावर? मी कारखान्यात होतो, डोरी. यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांची बोटं मोजून बघ."

पहिलं भांडण स्पॅगेटीवरून झालं. लांब स्पॅगेटी त्या भांड्यात मावत नाही, अर्धी मोडावी लागते. मी जुडी हातात घेतली मात्र, पप्पांनी माझं मनगट धरलं. "या घरात स्पॅगेटी मोडायची नाही. तुझी आजी बघतेय." आजीचा फोटो खरंच समोर होता, आणि ती बाई फोटोतसुद्धा कुणाला काही मोडू देईल अशी दिसत नाही. मी हात टेकले. रिगाटोनी आणली, जाड नळ्यांसारखी, जिला मोडायचा प्रश्नच येत नाही.

खरं भांडण पुढे होतं. ते समजायला आमच्या आईचा नियम माहीत हवा. रविवारी चर्चहून आली की अंगावरचा कोट काढायच्या आधी फिलोमेना पॅलोटा सॉस चढवायची, आणि मग दुपारपर्यंत नियम एकच, भांड्याजवळून जो जाईल त्याने ढवळायचं. जाता-येता. तळापासून, म्हणजे लागत नाही. मी, ग्रेग, पप्पा, कोळसा टाकायला आलेला माणूस, सगळ्यांनी. लाकडी चमचा खिळ्याला टांगलेला असायचा. न ढवळता कुणी पुढे गेलं की मागून आवाज यायचा, "का, हात मोडलाय?" आमच्या अंगात ते इतकं भिनलंय की मी परक्यांच्या घरीसुद्धा शेगडीवरचं भांडं बघून थबकते.

आणि या कुकरचा नियम नेमका उलटा. टोमॅटो सगळ्यात वर घालायचे आणि नंतर चमचा लावायचा नाही. ढवळलं की टोमॅटो तळाशी जाऊन चिकटतात, कुकर पिकपिक ओरडतो आणि त्याच्या छोट्या पाटीवर लाल अक्षरं येतात, 'बर्न'. म्हणजे जळतंय.

पहिल्या दिवशी पप्पांनी ढवळलं. बर्न. दुसऱ्या वेळी मी ओरडत असताना ढवळलं. बर्न. तिसऱ्या वेळी मी पाठ फिरवली तेवढ्यात ढवळलं आणि वर माझ्याकडे बघून म्हणाले, "मी नाही."

"चमचा तुमच्या हातात आहे, पप्पा."

"सवय आहे गं. तुझ्या आईने लावलेली. तू एका महिन्यात सोडवणार?"

"तुम्हाला त्या खोलीत जायचंय का? खिडकीपाशी बसून पिशवीतला सॉस खायचाय का?" मी चमचा हिसकावून घेतला. माझा आवाज फाटला होता. "मग हात खिशात घाला."

त्यांनी खरंच हात खिशात घातले. त्या दिवसापासून टोमॅटो घातले की पप्पा दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबून भांड्यासमोर उभे राहायचे. मला हसूही यायचं आणि कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशीही वाटायची. पण जमलं. सप्टेंबर संपेपर्यंत पास्ता मऊ आणि सॉस लाल, एकदाही बर्न नाही. जळालंच तर काय करायचं तेही त्यांनी स्वतः शोधून काढलं. बटण बंद, वाफ सोडायची, झाकण उघडायचं, तळ खरवडायचा, थोडं पाणी, पुन्हा झाकण. "भट्टीत पण असंच," म्हणाले. "चुकतं. घाबरायचं नाही एवढंच."

तो रविवार उजाडला. पप्पा चर्चहून आले तेच इस्त्रीच्या शर्टात खाली गेले. ग्रेग आला, मिठी, छत. मग धुराच्या गजराचं बटण दाबून बघितलं. इथपर्यंत मी दात आवळून होते. पण मग त्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि आईच्या कपाटाला लावली.

"हे काय चाललंय?"

"खोलीत मावतंय का बघतोय. त्यांची एखादी ओळखीची वस्तू असली म्हणजे बरं."

"अजून जेवण व्हायचंय, ग्रेग."

"डोरी, मला काय आनंद होतोय का?" तो हळू आवाजात म्हणाला. "बंबवाल्यांचा फोन आला तेव्हा मी आठशे किलोमीटरवर होतो. ते म्हणाले, 'तुमचे वडील ठीक आहेत.' त्या 'ठीक आहेत'च्या आधी ते एक क्षण थांबले ना, तो क्षण मी अजून विसरलो नाही. तुला कळायचं नाही ते."

मला कळत होतं. म्हणूनच जास्त चीड आली. भीती याला वाटते आणि घर पप्पांनी सोडायचं. मी त्याला म्हटलं, "मोजपट्टी खिशात घाल, नाहीतर मी ती तुला खायला घालीन," आणि टेबल मांडायला गेले, कारण अट होती ना, डोरीनने तळघरात पाऊल टाकायचं नाही. खालून सॉसेज परतल्याचा वास यायला लागला. मग कांदा. मग वाइन ओतल्याचा चर्र आवाज. सगळं बरोबर, सगळं क्रमाने. मी काटे-चमचे मांडत होते आणि मनात त्यांच्याबरोबर एकेक पायरी म्हणत होते. पाणी. रिगाटोनी. आता टोमॅटो. आता हात खिशात.

टोमॅटो घालून पप्पा मागच्या थंड खोलीत घरच्या वाइनची बाटली आणायला गेले. ते मला नंतर कळलं. आले, झाकण लावलं, बटण दाबलं. वाफेने चष्मा धूसर झाला होता म्हणून तो त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला होता. मी वर पाव कापत होते.

आणि पिकपिक सुरू झालं.

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मी अट-बिट विसरून जिना उतरले. ग्रेग जिन्याखाली होता, आईच्या शिवणाच्या मशीनपाशी, मोजपट्टी हातात. पप्पा कुकरसमोर. पाटीवर लाल अक्षरं.

"पप्पा, ढवळलंत?" मी ओरडलेच. "आजच्या दिवशी? आज तरी हात आवरायचा होतात."

"नाही ढवळलं."

"मग हे काय आहे?"

"डोरी, मी नाही ढवळलं." आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तिसऱ्या वेळचं ते 'मी नाही' आठवून बसले होते तरी मागे सरले.

ग्रेग जवळ आला. त्याने पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकदम मऊ आवाज काढला, हॉस्पिटलात काढतात तसा. "राहू दे, पप्पा. तुम्ही प्रयत्न केलात. आपण बाहेर जाऊन जेवू. बोलणं तर झालेलंच आहे आपलं."

पप्पांनी तो हात खांद्यावरून काढला. रागाने नाही, धूळ झटकावी तसा. मग चष्मा खिशातून काढून शर्टाला पुसला, डोळ्यांवर लावला. बटण बंद केलं. फडकं धरून वाफेची कळ दाबली, सूं करून वाफ गेली. झाकण उघडलं आणि आत बघत राहिले.

मीही बघितलं. टोमॅटो वर नव्हते. सगळं छान एकजीव झालं होतं, तळापासून, गोल गोल, जसं आई करायची. मग मी खिळ्याकडे बघितलं. चमचा नव्हता. तो मोरीत पडला होता, दांड्यापर्यंत लाल. पप्पांनी आयुष्यात कधी लाकडी चमचा मोरीत टाकलेला नाही. या घरात तसा तो एकच माणूस टाकायचा आणि त्यावरून आईचा धपाटा खायचा.

मी चमचा उचलला आणि ग्रेगच्या नाकासमोर धरला. सॉस त्याच्या बुटांवर गळत होता.

"हा कुणी घातला?"

"काय?"

"हा चमचा भांड्यात कुणी घातला, ग्रेग?"

त्याने चमच्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "मी... मी मशीन मोजायला आलो. जवळून जात होतो. भांडं उघडं होतं." "मी फक्त जाता जाता..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कुणी हात लावायचा नाही म्हणालास. मला पायऱ्या उतरायची बंदी केलीस. हा माणूस महिनाभर स्वतःचे हात खिशात कोंबून उभा राहिलाय तुझ्या एका अटीसाठी. आणि तू येतोस, बापाचं घर मोजतोस, त्याचं जेवण बिघडवतोस आणि वर त्याचं सांत्वन करतोस? लाज वाटत नाही तुला?"

"मला माहीत नव्हतं ढवळायचं नसतं."

"विचारायचं होतंस. गॅस तोडताना विचारलंस का? खोली बघताना विचारलंस का?"

पप्पा माझ्याजवळ आले, चमचा माझ्या हातातून घेतला आणि कुकरचा तळ खरवडायला लागले. शांतपणे, कोपरापासून जोर लावून. काळा पापुद्रा सुटला, त्यांनी तो काढून टाकला. पेलाभर पाणी घातलं. झाकण लावलं, बटण दाबलं. चमचा पुसला आणि खिळ्याला लावला.

"ठीक आहे, माझी चूक," ग्रेग म्हणाला. त्याचा आवाज आता हॉस्पिटलातला नव्हता. "पण पप्पा, हे आज झालं. आम्ही दोघं इथे होतो. तुम्ही एकटे असताना असं झालं तर?"

पप्पा त्याच्याकडे वळले. दोन्ही हात खिशात गेले होते, सवयीने.

"मी एकटा असतो तेव्हा कोणी येऊन ढवळत नाही, ग्रेग," ते म्हणाले. "सहा वर्षांत इथल्या भांड्याजवळून कोणी गेलेलं नाही."

ग्रेगने हातातली मोजपट्टी खिशात घातली. मलाही ते लागलं, कारण मी डबे दारात ठेवून किती वेळा तशीच पुढे गेले होते. पण ते माझ्या वाट्याचं मी घरी जाऊन बघितलं. त्या क्षणी मला फक्त ग्रेगचा राग येत होता आणि तो मी मनसोक्त येऊ दिला.

कुकर बंद झाला. पप्पांनी स्वतः भांडं उचलून वर आणलं, जिन्यावर कुणाला धरू दिलं नाही, आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. "ठेवलं," एवढंच म्हणाले. रिगाटोनीला थोडासा करपल्याचा वास होता. आम्ही तिघांनी खाल्लं. ग्रेगने दोनदा घेतलं आणि मान वर केली नाही. पप्पा मॅचबद्दल बोलत राहिले, जणू त्यांच्या बॅगेचा विषय कधी निघालाच नव्हता.

जेवणानंतर ग्रेग भांडं घेऊन तळघरात गेला. मीही गेले. अट संपली होती. तो मोरीशी उभा राहून काथ्याने भांड्याचा तळ घासत होता, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"सोमवारी त्यांना फोन करून खोली नको म्हणून सांगतो," तो म्हणाला.

"आत्ता सांग."

"रविवार आहे, डोरी. तिथे कोणी नसेल."

"मग निरोप ठेव."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी जिन्यात आडवी उभी होते, आणि माझ्या बसमधून माझ्या मर्जीशिवाय आजवर कोणी उतरलेलं नाही. त्याने हात पँटला पुसले, फोन लावला. पलीकडे कोणी उचललं नाही. त्याने नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आणि म्हणाला की ती खोली दुसऱ्या कुणाला द्या, आमचे वडील त्यांच्या घरीच राहणार आहेत. बोलताना त्याने ओल्या बाहीने डोळे पुसले. मी त्याला जवळ घेतलं नाही. घेण्यासारखी वेळ असेल, पण मला घ्यायचं नव्हतं.

फोन ठेवून तो पुन्हा घासायला लागला. काळं निघत नव्हतं. मी मदत केली नाही. थोड्या वेळाने पप्पा जिन्यावरून खाली आले, माझ्या बाजूने वाट काढून मोरीपाशी गेले आणि त्याच्या खांद्यावरून भांड्यात डोकावले.

"कडा कशाला घासतोयस?" ते म्हणाले. "लागलंय तळाला."